चौदा सह्यांचा कागद

१

फाइल जागेवर होती. तिच्यातले कागद तेवढे नव्हते.

बडनेऱ्याच्या पयोष्णी सूतगिरणीसमोर कामगार संघटनेचं दोन खोल्यांचं कार्यालय आहे. तिथला कारकून किशोर सोमवारी दुपारी बुधवारच्या सुनावणीची तयारी करायला बसला. निळ्या पुठ्ठ्याची फाइल त्यानं पुढ्यात ओढली, लेस सोडली, तर आतून तीन वर्षांपूर्वीच्या कामगार दिनाची पत्रकं निघाली. त्यानं पुठ्ठ्यावरचं नाव पुन्हा वाचलं. पौर्णिमा भुयार. अक्षर त्याचंच होतं.

किशोरनं आरडाओरडा केला नाही. दार लोटून घेतलं आणि अकोल्याला गोदावरी राजूरकरांना फोन लावला.

गोदावरीबाईंनी तीस वर्षं कामगार न्यायालयात वकिली केली होती. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी कोट खुंटीला टांगला, पण माणसं काही त्यांना सोडत नव्हती. दोन वर्षांपूर्वी पयोष्णीच्या संघटनेनं आपल्या घटनेत एक नवं कलम घातलं. जात, धर्म, बाई की पुरुष हे पाहून कामाच्या जागी कोणाला डावललं, तर संघटना डावललेल्याच्या बाजूनं उभी राहील. त्यासाठी समता समिती नेमली, आणि बाहेरची सदस्य म्हणून गोदावरीबाईंना घेतलं. समितीपुढं आलेली पहिली तक्रार पौर्णिमाची.

पौर्णिमा वाइंडिंगला, म्हणजे सूत कोनावर गुंडाळायच्या खात्यात होती. पण तिनं आयटीआयला फिटरचा कोर्स केला होता. दुरुस्ती खात्यात फिटरची एक जागा निघाली, सहाजणांनी परीक्षा दिली, पौर्णिमा पहिली आली. जागा मिळाली दुसऱ्या आलेल्या विपुल काळमेघला. मॅनेजरांचं उत्तर एका ओळीचं होतं. या गिरणीत दुरुस्ती खात्यात बाई कधी नव्हती, ते बाईचं कामच नव्हे.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं गोदावरीबाई बडनेऱ्याला उतरल्या. किशोरनं त्यांना रविवारची हकीकत सांगितली. त्या दिवशी कार्यकारिणीची बैठक होती. पुढच्या खोलीत बैठक, मागच्या खोलीत कपाट, आणि कपाट दिवसभर उघडं. किशोर सोडून तिघं होते. अध्यक्ष जानराव मोहोड कंबर धरली म्हणून मागं घटकाभर पडले होते. कौशल्याबाई गावंडे, महिला प्रतिनिधी, त्यांनी मागं चहा केला. आणि विपुल, तोही कार्यकारिणीत होता. तो मोबाइल चार्जिंगला लावायला दोनदा मागं गेला. पौर्णिमाला, तक्रार तिची म्हणून, बोलावलंच नव्हतं.

गोदावरीबाईंनी पुठ्ठा हातात घेतला. घाईत ओढल्यामुळं असेल, लेस मध्येच तुटली होती आणि कोणीतरी ती पुन्हा सांधली होती. त्यांनी लेस चिमटीतून सरकवली. सांधा बोटांना लागलाच नाही. डोळ्यांजवळ धरली तेव्हा तांदळाच्या कणीएवढी चपटी गाठ दिसली.

"ही तू बांधलीस?"

"नाई ताई. मले बुटाच्या लेसची गाठ धड येत नाई."

गोदावरीबाईंनी पुठ्ठा पिशवीत घातला आणि किशोरला बजावलं, की कागद गेले एवढंच लोकांना सांगायचं. पुठ्ठा मागं राहिला हे कोणालाही कळता कामा नये.

२

विपुल गिरणीच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. अठ्ठावीसेक वर्षांचा, हातांना ग्रीस, चेहऱ्यावर आधीच आरोप झाल्यासारखी सावध कळा. कागद गेल्याचं ऐकल्यावर तो कडवट हसला. आता सगळे त्याच्याकडंच बघणार, हे त्याला न सांगता कळलं होतं.

गोदावरीबाईंनी त्याला बोलू दिलं. परीक्षेआधी एक महिना त्यानं दांडी न मारता अभ्यास केला होता. जागा मिळाल्यावर त्याच्या आईनं वस्तीत पेढे वाटले. आता रस्त्यात कोणी भेटलं की विचारायचं, जागा ठेवतात का काढतात. पौर्णिमावर त्याचा राग होता, आणि तो राग त्यानं लपवला नाही. पण परीक्षेत ती आपल्या पुढं होती हेही त्यानं लपवलं नाही.

"वकीलबाई, मी कागद चोरून करू काय? मार्कांची यादी बोर्डावर लागली त्याच दिवशी पौर्णिमानं फोटो काढला, ग्रुपवर टाकला. चारशे लोकायच्या मोबाइलमध्ये आहे ते. तिचा अर्ज, मॅनेजरचं उत्तर, सारं तथीच आहे. म्या स्वतः वाचलं."

त्यानं मोबाइल काढून दाखवला. गुणांची यादी, अर्ज, उत्तर, सगळं होतं. एकही कागद असा नव्हता, की जो नेल्यानं पौर्णिमाची बाजू लंगडी पडावी.

टपरीवरून उठताना गोदावरीबाईंच्या मनात चोर कोण हा प्रश्न मागं पडला होता. ज्या कागदांच्या चारशे नकला गावभर फिरतायत, ते कागद कोणी चोरतं कशाला?

३

जेवणाच्या सुट्टीत पौर्णिमा कॅन्टीनमध्ये भेटली. कागद गेल्याचं कळूनही ती घाबरली नाही. तक्रार करताना जास्त भीती वाटली होती, असं म्हणाली. घरातून विरोध, खात्यातल्या बाया म्हणायच्या, कशाला पुरुषांच्या तोंडी लागते. अर्ज तीनदा लिहून तिनं फाडला होता.

"चौथ्या वेळेस कौशल्यामावशी माह्या घरी आल्या," ती म्हणाली. "जवळ बसून राहिल्या. म्हणल्या, तू लिही, मी हालत नाई अथून. मावशी नसत्या तर मी आज अथी नसती."

गोदावरीबाईंनी सहज विचारल्यासारखं करून पर्समधून दोरा काढला. तुटलेलं सूत तुम्ही कसं जोडता, जरा दाखव बरं. पौर्णिमा हसली. वाइंडिंगची मशीनं आता नवी होती. धागा तुटला की मशीनच हवेच्या झोतानं सांधतं, गाठ पडतच नाही. तिच्या वयाच्या एकीलाही हातची गाठ येत नव्हती.

"जुन्या बायाइले यायची. बारीक, चपटी, बोटाले लागायची नाई. आता त्यायच्यातल्या मावशीच तेवढ्या उरल्या गिरणीत. डोळे मिटून बांधतात." तिनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं.

गोदावरीबाईंनी दोरा पर्समध्ये ठेवला. जिनं अर्ज लिहून घेतला, तिनंच कागद उचलले होते. आणि हे त्यांना सांगितलं ते त्या पोरीनं, नकळत, मावशीचं गुणगान करता करता.

४

एवढ्यावर कोणालाही चोर म्हणायला त्या तयार नव्हत्या. गाठ कोणाची ते कळलं होतं, कारण कळलं नव्हतं. त्या पुन्हा कार्यालयात आल्या आणि किशोरला म्हणाल्या, फाइलीतला एकेक कागद आठव. मोबाइलवर नसलेला एखादा कागद होता का?

किशोरनं बोटांवर मोजलं. अर्ज, यादी, उत्तर, आयटीआयचं प्रमाणपत्र. मग थांबला. शनिवारी कपाट झाडताना तळातल्या गठ्ठ्यात त्याला एक जुना करार सापडला होता, १९९८ चा. दुरुस्ती खात्यासंबंधी काहीतरी होतं, म्हणून त्यानं तो न वाचताच फाइलीत लावला. ताई येतील, बघतील. रविवारी बैठकीत त्यानं तसं बोलूनही दाखवलं होतं.

"तू सांगितल्यावर कोण काय म्हणालं?"

"कोणीच काई नाई. विपुल मोबाइल पाहून राहिला होता. जानरावभाऊंनी पाणी मागतलं. कौशल्याबाई चहा ठेवाले उठल्या."

गिरणी २०१० साली नव्या मालकाकडं गेली तेव्हा जुन्या व्यवस्थापनाचं सारं दफ्तर रद्दीत निघालं होतं. म्हणजे त्या कराराची जगात एकच प्रत होती.

जानराव मोहोड जुन्या वस्तीत राहत. सहासष्ट वर्षांचे, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी कामगार अध्यक्षपदावरून त्यांना उतरू देत नव्हते. समतेचं कलम घटनेत आलं ते त्यांच्याच हट्टानं. गोदावरीबाई ओसरीवर टेकल्या. सुनेनं पाणी आणून दिलं. १९९८ च्या करारात काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं.



"कायले कोणाले त्रास देता वकीलबाई," जानराव म्हणाले. "फाइल म्याच नेली. लिहून घ्या."

५

गोदावरीबाईंनी लिहून घेतलं नाही. त्यांनी विचारलं, नेली तर नेमकी काय नेली?

जानरावांनी सांगितलं, की पडल्यापडल्या उठून त्यांनी अख्खी फाइल धोतराच्या ओच्यात घातली, घरी आणली आणि पुठ्ठ्यासकट चुलीत घातली. गोदावरीबाईंनी पिशवीतून निळा पुठ्ठा काढून त्यांच्यापुढं ठेवला. जानरावांनी त्यावरचं नाव वाचलं आणि मान खाली घातली.

"भाऊ, तुम्हाला माहीत आहे कोणी नेली ते. आणि तुम्ही तिच्यासाठी खोटं बोलताय."

"तिच्यासाठी नाई," जानराव म्हणाले. "पाप माहं आहे."

मग त्यांनी सांगितलं. चौऱ्याण्णव साली गिरणीची नवी शेड उभी राहिली. तेव्हा चात्यांच्या, म्हणजे सूत कातणाऱ्या फिरत्या काड्यांच्या, दुरुस्तीला माणूस मिळेना, म्हणून जुन्या मॅनेजरनं वाइंडिंगच्या चौदा बाया निवडून त्यांना ते काम शिकवलं. चार वर्षं त्यांनी ते केलं, आणि चांगलं केलं. अठ्ठ्याण्णवला कपात आली. चौदा पुरुष घरी जाणार होते. संघटनेनं वाट काढली, की बायांना खात्यातून उठवायचं आणि त्या जागी ते पुरुष बसवायचे. बायांच्या घरी निदान नवऱ्याचा आधार आहे, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. जानरावांनाही वाटलं. कागद त्यांनी लिहिला, बायांपुढं त्यांनीच धरला. सही करा, नाही तर वाइंडिंगही जाईल, असं त्यांनी त्यांना सांगितलं. चौदाजणींनी सह्या केल्या, अंगठे दिले. कौशल्याबाईंचा नवरा वारून तेव्हा सहा महिने झाले होते.

"आधार आहे म्हणलं होतं म्या," जानराव म्हणाले. "तिच्या तोंडावर म्हणलं होतं. ते काईच बोलली नाई. सही केली न् गेली."

६

दिवेलागणीच्या आधी गोदावरीबाई कौशल्याबाईंच्या घरी पोचल्या. दोन खोल्या, दारात कण्हेर. कौशल्याबाई भाकरीचं पीठ मळत होत्या. पाहुणी कोण आहे ते दिसताच त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि सतरंजी अंथरली.

गोदावरीबाईंनी आवाज न चढवता, आपण कशा कशा इथवर आलो ते सांगितलं. मार्कांचा कागद सगळ्यांकडं होता, तेव्हा चोरणाऱ्याला हवा होता तो दुसराच. दुसरा एकच होता, जुना करार. तो फाइलीत आहे हे रविवारीच कळलं, ऐकणारे तिघं. विपुल त्या सालात दोन वर्षांचा होता. जानरावांनी गुन्हा कबूल केला, पण पुठ्ठा मागं राहिल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आणि तुटलेली लेस ज्या हातानं सांधली, तशी गाठ आता या गिरणीत एकाच बाईला येते.

कौशल्याबाईंनी नाकारलं नाही. उलट, ओझं कोणी उतरून घ्यावं तसा त्यांनी श्वास सोडला.

"हाताले सवय आहे बाई. तुटलेलं दिसलं की बांधून टाकते. त्या वेळेस ध्यानातही नाई आलं."

त्या उठल्या. ज्वारीच्या कोठीमागून प्लास्टिकच्या थैलीत गुंडाळलेले कागद काढून आणले. सगळेच्या सगळे होते. एकच कागद नेला असता तर कोणता ते लगेच कळलं असतं, म्हणून सगळे उचलले होते. बाकीच्यांच्या नकला आहेत, पोरीचं नुकसान होणार नाही, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

"त्या पोरीले मी रोज सांगते, दबू नको, सही करू नको, बोल. अन् माहं नाव त्या कागदावर सगळ्यायच्या वर आहे. आमाले हे काम झेपत नाई म्हणून. तिनं वाचलं असतं तर माह्या तोंडाकडं कसं पायलं असतं तिनं?"

"जाळला का नाही?"

"चूल पेटवली होती," त्या म्हणाल्या. "बाकीच्या तेराजणी आहेत ना त्याच्यात. तानुबाईचा अंगठा आहे. पार्बताबाईची सही आहे, तेवढीच येत होती तिले लिहाले. दोघी गेल्या आता. हात नाई झाला."

गोदावरीबाईंनी चष्मा लावून करार उजेडाकडं धरला. पिवळा पडलेला कागद, टंकलेली अक्षरं. पहिलंच वाक्य त्यांनी वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं.

"कौशल्याबाई, हे तुम्ही कधी वाचलंय का हो नीट?"

"नाई. जानरावभाऊनं सांगतलं तेवढं आयकलं, सही केली फक्त."

गोदावरीबाईंनी मोठ्यानं वाचलं. चाती-दुरुस्ती खात्यात गेली चार वर्षे समाधानकारक काम करीत असलेल्या खालील चौदा स्त्री कामगार स्वखुशीने...

"मॅनेजरांचं म्हणणं काय, या खात्यात बाई कधी नव्हतीच. त्यांचा सगळा डोलारा त्या एका वाक्यावर उभा आहे. आणि चौदाजणी होत्या, चार वर्षं होत्या, समाधानकारक होत्या, असं गिरणीच्याच शिक्क्यानिशी या कागदावर लिहिलंय." त्यांनी कागद सतरंजीवर ठेवला. "पौर्णिमाकडं याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण मी तो तुमच्या घरून उचलून नेणार नाही. द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

कौशल्याबाईंनी कागद उचलून मांडीवर घेतला. परातीतलं पीठ वाळायला लागलं होतं.

"पोरीले आधी मी सांगीन," त्या म्हणाल्या. "मंग द्या."

७

बुधवारी सकाळी फाटकाशी कौशल्याबाईंनी पौर्णिमाला बाजूला घेतलं. काय बोलणं झालं ते गोदावरीबाईंना लांबून ऐकू आलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की पौर्णिमानं कागद वाचला, परत दिला, आणि आत निघून गेली. कौशल्याबाई उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

सुनावणीला पंच म्हणून कामगार खात्यातले एक निवृत्त अधिकारी होते. मॅनेजर तयारीनं आले होते. दुरुस्तीच्या कामात बाईला धोका आहे, तसा प्रघात नाही, उदाहरण नाही. एक तरी उदाहरण दाखवा, ते म्हणाले, मी आत्ता जागा देतो.

गोदावरीबाई उठायच्या आधीच जानराव उठले. करार त्यांनी स्वतः वाचला, आणि खाली अध्यक्ष म्हणून असलेली आपली सहीही वाचली. हा कागद मी लिहिला, दबाव मी आणला, "स्वखुशीने" हा शब्द खोटा आहे, असं त्यांनी सांगितलं. संघटनेनं तेव्हा चौदा घरं वाचवली आणि चौदा बायांना त्याची किंमत द्यायला लावली. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा करार रद्द करायचा ठराव आपण मांडू, आणि त्यानंतर अध्यक्षपदावर राहायचं की नाही ते कामगारांनी ठरवावं.

मॅनेजरांनी कागद खरा कशावरून असं विचारलं. पंचांनी कौशल्याबाईंकडं पाहिलं आणि विचारलं, की तुम्ही त्या चार वर्षांत नेमकं काय करत होता. कौशल्याबाई बोलू लागल्या. चाती कशी काढायची, वाकली हे कसं ओळखायचं, तेल किती, पट्टा किती ताणायचा. दहा मिनिटं त्या अडखळल्या नाहीत. विपुल दाराशी उभा होता. पंचांनी त्याला विचारलं, बाई बरोबर सांगतायत का. त्यानं पौर्णिमाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"हो साहेब," तो म्हणाला. "पट्ट्याचं तर मलेही माहीत नव्हतं."

निकाल आठवड्यानं आला. जागा पौर्णिमाची. विपुलला पहिल्या रिकाम्या जागेवर घ्यावं अशी शिफारस संघटनेनंच केली होती, तीही मान्य झाली. सभेत करार रद्द झाला. जानरावांनी दिलेला राजीनामा मात्र सभेनं तासभर वादावादी करून, निर्णय न घेता, तसाच ठेवून घेतला. काहींनी घ्या म्हटलं, काहींनी नको, आणि म्हातारा दोन्ही बाजूंचं गुमान ऐकत बसला.

पौर्णिमा मावशीशी बोलत नव्हती. पंधरा दिवस झाले. वाइंडिंगला दोघींच्या जागा शेजारी होत्या, तेवढ्यात ती दुरुस्ती खात्यात गेली, आणि बोलायचं निमित्तही संपलं. कौशल्याबाईंनी कोणाकडं तक्रार केली नाही.

हे पुढचं गोदावरीबाईंना किशोरनं फोनवर सांगितलं. एके दिवशी सकाळी पौर्णिमा वाइंडिंगच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पाना. खातेप्रमुखाला म्हणाली, एक रिंग फ्रेम, सूत कातायचं मशीन, सारखी सूत तोडून राहिली आहे, सगळं तपासलं, कळत नाई. कौशल्याबाईंना अर्धा तास सोडा. मग मावशीकडं न पाहताच म्हणाली, "चला."

कौशल्याबाई तिच्या मागं गेल्या. सव्वीस वर्षांनी त्यांनी त्या शेडचा उंबरा ओलांडला. फ्रेम चालू होती, चारशेवर चात्या एका सुरात फिरत होत्या. त्या फ्रेमच्या कडेनं हळूहळू चालत गेल्या, मान थोडी तिरपी करून, डोळे अर्धे मिटून. मध्येच थांबल्या. दोन पावलं मागं आल्या.

"हे," बोट दाखवून त्या म्हणाल्या. "आयकू येते का तुले?"

पौर्णिमानं कान जवळ नेला. तिला काही ऐकू येईना.

"नाई येत मावशी."

"येईन," कौशल्याबाई म्हणाल्या. "दे तो पाना अथी."